बेदाणा म्हणू की किशमिश? गिऱ्हाईक गुगलवर काय लिहितं ते शोधायची रीत

सांगलीत लहानाचा मोठा झालेला माणूस बेदाण्याला बेदाणाच म्हणतो. लिलावाच्या सौद्यात बेदाणा, सुकवायच्या शेडवर बेदाणा, पाहुण्यांकडे जाताना पिशवीतही बेदाणाच. त्यामुळे शेजारच्या वहिनींनी जेव्हा माहेरच्या, सावळजकडच्या बागेतला माल थेट घरोघरी पाठवायचं ठरवलं आणि "भाऊजी, तेवढी वेबसाइट करून द्या" म्हणाल्या, तेव्हा मी वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'उत्कृष्ट प्रतीचा बेदाणा, थेट उत्पादकाकडून'. खाली पुन्हा तीनदा बेदाणा. फोटोखाली बेदाणा. दिसायला झकास झालं होतं.

पंधरा दिवस फोन वाजला नाही. मग वाजला. पलीकडून विचारणा, "आज सौद्यात काय दर निघाला ओ?" दुसरा फोनही तसाच. तिसऱ्यानं तर आपल्या शेडवरचा माल तुम्ही घेता का, असं विचारलं. वहिनी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मी विकायला बसलीय का घ्यायला?"

चूक माझी होती. वेबसाइटवर मी विकणाऱ्याचा शब्द लिहिला होता, म्हणून विकणारेच आले. पुण्यातल्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई 'बेदाणा' लिहीत नाही. ती 'किशमिश' लिहिते, नाहीतर 'मनुका', आणि पुष्कळदा तेही इंग्रजी अक्षरांत. माल तोच, पण तो ज्या शब्दानं शोधला जातो तो शब्द आमच्या पानावर कुठंच नव्हता.

या शब्दाला कीवर्ड म्हणतात आणि तो शोधून काढण्याच्या कामाला कीवर्ड रिसर्च. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. गल्ल्यावर बसलेला जुना दुकानदार हे काम आयुष्यभर करत आलेला असतो. आत येणारा माणूस काय म्हणून वस्तू मागतो, हे त्याच्या कानाला माहीत असतं. वेबसाइटच्या दुकानात गिऱ्हाईक बोलत नाही, लिहितं. तेवढाच फरक.

गुगलचं पोरगं

गुगल काय करतं ते आधी थोडक्यात बघू. त्याचे प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहतात, जे दिसेल ते वाचतात आणि त्याची एक अवाढव्य सूची करून ठेवतात. तुम्ही काही विचारलंत की ते त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाही, ही सूची चाळतं आणि त्यातली पानं एका क्रमानं पुढं ठेवतं. म्हणजे तुमचं पान सूचीत हवं, आणि ते कशाबद्दल आहे हे त्याला कळायलाही हवं.

पूर्वी गुगल म्हणजे दुकानात नवीन लागलेलं पोरगं होतं. गिऱ्हाईक म्हणालं "किशमिश आहे का?", तर पोरगं बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणार, सगळीकडे 'बेदाणा' लिहिलेलं दिसणार आणि "नाही ओ, संपली" म्हणून मोकळं होणार. मग पोरगं शहाणं होत गेलं. २०१३ साली हमिंगबर्ड नावाचा मोठा बदल झाला आणि सुटे शब्द जुळवण्याऐवजी विचारणाऱ्याला काय म्हणायचंय त्याकडं गुगल जास्त बघू लागलं. २०१९ मध्ये बर्ट नावाची, भाषा समजून घेणारी यंत्रणा आली. तिनं वाक्यातले छोटे छोटे शब्दसुद्धा अर्थासकट धरायला सुरुवात केली. 'सांगलीहून पुण्याला' आणि 'पुण्याहून सांगलीला' यांत शब्द जवळपास तेच आहेत, पण प्रवासाची दिशा उलटी आहे. असले फरक आता त्याला बऱ्यापैकी कळतात.

तेव्हा कुणी विचारेल, इतकं शहाणं झालंय तर शब्दांची उठाठेव कशाला? याचं उत्तर बेदाण्यातच आहे.

तीन शब्द, तीन खड्डे

'बेदाणा' हा शब्द फारसीतून आलाय. बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. बिनबियांचा तो बेदाणा. सांगली-तासगावच्या बाजारात हा शब्द पक्का आहे, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण हाच शब्द बंगालीत गेला आणि तिथं डाळिंबाचा झाला. कोलकात्यात किंवा ढाक्यात कुणी 'बेदाना' मागितला तर दुकानदार डाळिंब काढून देईल. आता हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. अक्षरांवरून काहीच कळत नाही. विचारणारा तासगावचा की ढाक्याचा, याचा अंदाज गुगलला इतर खुणांवरून बांधावा लागतो, आणि तुमच्या पानावर डाळिंबाचा वास येऊ नये याची काळजी तुम्हाला घ्यावी लागते.

'मनुका' घ्या. मराठीत हा तर घरचा शब्द. पण इंग्रजी अक्षरांत 'मनुका' लिहून बघा, मधाच्या बाटल्या समोर येतात. न्यूझीलंडमध्ये मनुका नावाचं झुडूप आहे, माओरी लोकांनी दिलेलं नाव. त्याच्या फुलांवरचा मध जगभर महागात विकला जातो. त्या मधाच्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांच्या जाहिराती, त्यावरचे लेख, या सगळ्यांशी आपल्या सावळजच्या शेडनं झुंजायचं म्हणजे कुस्तीत वजनगटच चुकल्यासारखं.

देवनागरीत 'मनुका' लिहिणाऱ्याचं काय? इथं जरा थांबून बघावं लागतं. आपल्याकडं बऱ्याच घरांत मनुका म्हणजे त्या मोठ्या, काळ्या, बहुतेक वेळा बिया असलेल्या. रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट खायच्या. त्या शोधणारी बाई वहिनींच्या पिवळ्या-हिरव्या बेदाण्याच्या पानावर आली तर दोन सेकंदांत परत जाईल. तिला हवी ती वस्तूच तिथं नाही. शब्द कितीही लोक वापरत असोत, आपल्या मालाला लागू पडत नसेल तर ती गर्दी आपल्या दारावरून नुसती जाते.

उरली 'किशमिश'. हिंदी-उर्दूतून आलेला शब्द, पण पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांत रुळलेला, आणि त्यातून डोळ्यापुढं येते ती नेमकी बारीक, बिनबियांची, खिरीत-शिऱ्यात पडणारी वस्तू. म्हणजे आमच्या मालाला सगळ्यात जवळचा शब्द आमच्या गावचा नव्हताच. वहिनींना हे पटायला वेळ लागला. "आमच्या बाबांनी आयुष्यभर बेदाणा केला आणि मी किशमिश लिहू?" मी म्हणालो, दोन्ही लिहू. 'किशमिश, म्हणजेच आपला सांगलीचा बेदाणा.' असं एक वाक्य पानाच्या वरच्या बाजूला गेलं. त्यात गिऱ्हाइकाचा शब्द राहिला आणि बाबांचाही.

शब्दामागचा माणूस

कीवर्ड शोधताना नवा माणूस फक्त एकच गोष्ट विचारतो, हा शब्द महिन्याला किती जण शोधतात? मी आधी विचारतो, तो शोधणारा माणूस कुठं बसलाय आणि त्याच्या हातात काय आहे?

'हळद' हा शब्द घ्या, वहिनी तीही विकतात. सांगली आणि हळद हे नातं जुनं. २००५ च्या महापुराआधी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवली जायची, त्या आठवणी इथली माणसं अजून सांगतात. पण गुगलवर नुसतं 'हळद' लिहिणारा कोण असेल? कुणाला उद्याच्या हळदीच्या कार्यक्रमाची गाणी हवीत. कुणाला उखाणे. कुणाला पिवळ्या साडीचे फोटो. एखादा शेतकरी लागवडीचं अंतर शोधतोय, एखादी आजी घसा बसला म्हणून दुधात किती घालायची ते विचारतेय, आणि कुणी शाळकरी पोर प्रकल्प लिहितंय. हळद पावडर विकत घेणारा या गर्दीत कुठंतरी मागं उभा आहे.

आता त्याच शब्दाला शेपूट लावत जाऊ. 'हळद भाव आज' लिहिणारा शेतकरी किंवा व्यापारी. वहिनींना जे दराचे फोन आले ते बेदाण्यातले असेच. 'हळदीत भेसळ कशी ओळखावी' विचारणारी व्यक्ती अजून विकत घेणार नाही, पण तिला बाजारातल्या पुडीचा संशय आलाय. ती उद्याचं गिऱ्हाईक आहे. 'राजापुरी हळद पावडर एक किलो' लिहिणाऱ्याला जात माहीत आहे, वजन माहीत आहे, फक्त पैसे कुठं भरायचे तेवढं विचारायचं राहिलंय.

या मागच्या हेतूला इंग्रजीत सर्च इंटेन्ट म्हणतात. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये शोधांचे तीन ढोबळ गट मांडले होते. माहितीसाठीचा शोध, एखाद्या ठराविक साइटवर पोहोचण्यासाठीचा शोध, आणि काहीतरी करण्यासाठीचा, म्हणजे विकत घेणं, उतरवून घेणं, बुक करणं वगैरे. वीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ही विभागणी चालतेय. पुढं लोकांनी त्यात पोटभेद काढले, त्यात मी शिरत नाही.

हेतू ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती फुकट आहे. तो शब्द स्वतः गुगलवर लिहा आणि पहिलं पान बघा. वर व्हिडिओ आणि लेख दिसत असतील तर लोकांना माहिती हवीय. किमतीसकट वस्तूंचे फोटो दिसत असतील तर खरेदी हवीय. नकाशा आणि दुकानांची नावं दिसत असतील तर जवळचं दुकान हवंय. कोट्यवधी लोकांचं बघून गुगलनं आधीच अंदाज बांधलेला असतो, तुम्ही फक्त त्याची कॉपी करायची. बघताना ब्राउझरची खाजगी (इनकॉग्निटो) खिडकी उघडा, नाहीतर तुमच्याच जुन्या सवयी मध्ये येतात. आणि ध्यानात ठेवा, खाजगी खिडकीतही तुम्ही सांगलीत बसलाय हे त्याला बहुतेक कळतंच. नागपूरच्या माणसाला दिसणारं पान थोडं वेगळं असणार.

शब्द गोळा कसे करायचे

आम्ही एका दुपारी वहिनींच्या दुकानामागच्या खोलीत बसलो. वहिनींच्या हातात फोन, माझ्यासमोर लॅपटॉप, मध्ये पोरीची जुनी शंभर पानी वही.

पहिलं काम बिनमशीनचं. वहिनींना म्हटलं, आतापर्यंत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य आठवा. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच भाषेत उतरवलं. 'लाडवात घालायला पाहिजेत.' 'धुतलेल्या आहेत का?' 'गंधकाची धुरी दिलीय का?' 'बाळाला चालतील का?' 'कुरिअर मुंबईला येतं का?' अर्ध्या तासात वहीची दोन पानं भरली. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये इतका ताजा माल मिळत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

मग गुगलचा रकाना. त्यात 'हळद' लिहून थांबलं की खाली सूचना लोंबायला लागतात. या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांतून येतात. 'हळद' नंतर जागा सोडून क, ख, ग, घ असं एकेक अक्षर देत जायचं. दरवेळी नवा घोस हाती लागतो. मग तेच सगळं इंग्रजी अक्षरांत. हे टाळू नका. मराठी माणूस मराठीत विचार करतो, पण फोनवर बोटं पुष्कळदा इंग्रजी कळफलकावरच असतात. 'हळद'चं स्पेलिंगसुद्धा लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं 'हळद' शेवटी 'हल्दी' होऊन जातं. पान उघडल्यावर मधोमध 'लोक हेही विचारतात' असा प्रश्नांचा डबा असतो, तोही उघडून बघायचा. एक प्रश्न उघडला की खाली आणखी दोन-चार उगवतात. यूट्यूबच्या रकान्यातही हाच खेळ करा, कारण करून दाखवायच्या गोष्टी लोक तिकडंच शोधतात.

तिसरं, गुगलचं कीवर्ड प्लॅनर. हे जाहिरातदारांसाठी बनवलेलं साधन आहे, गुगल ॲड्सच्या खात्यात असतं. त्यात शब्द टाकला की महिन्याला साधारण किती शोध होतात ते कळतं. पण जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमका आकडा दिसत नाही, पट्टे दिसतात. दहा ते शंभर, शंभर ते एक हजार, एक हजार ते दहा हजार, असे. एक हजार आणि दहा हजार यांत केवढं अंतर आहे! तेव्हा या आकड्यांकडं तराजूसारखं नाही, तर 'हे पोतं त्यापेक्षा मोठं दिसतंय' अशा नजरेनं बघायचं.

याच पडद्यावर 'कॉम्पिटिशन' नावाचा रकाना आहे, आणि नवी माणसं हमखास तिथं फसतात. 'लो' दिसलं की वाटतं, चला, स्पर्धा नाही. पण तो रकाना जाहिरातदारांमधल्या स्पर्धेचा आहे. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण टपलेत, एवढंच तो सांगतो. फुकटच्या निकालांत वर येणं सोपं की अवघड याच्याशी त्याचा संबंध नाही. मी स्वतः पहिले सहा महिने ते उलटंच वाचत होतो.

आणखी एक गोष्ट. प्लॅनरमध्ये ठिकाण महाराष्ट्र निवडा, पण भाषा फक्त मराठी ठेवून थांबू नका. मराठी शोधणाऱ्या कितीतरी जणांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. दोन्ही करून बघा.

मराठी शब्दसमूहांपुढं पुष्कळदा नुसती रेघ येते. आकडाच नाही. म्हणजे कुणीच शोधत नाही असं समजू नका. गुगल स्वतः सांगत आलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यानं आधी कधीच पाहिलेले नसतात. लोक इतक्या नाना तऱ्हांनी विचारतात की प्रत्येक तऱ्हेचा आकडा ठेवणं शक्य नाही. वहीत 'गंधकाची धुरी दिलीय का' हे तिघांनी विचारलेलं असेल, तर प्लॅनरची रेघ बाजूला ठेवा आणि त्याचं उत्तर लिहा.

गुगल ट्रेंड्सबद्दल थोडक्यात. ते एकूण आकडा सांगत नाही. शून्य ते शंभर अशा मापावर, त्या शब्दाचा जोर कधी सगळ्यात जास्त होता आणि त्याच्या तुलनेत इतर वेळी किती, एवढं दाखवतं. त्यामुळे १०० दिसलं म्हणजे शंभर लोक नव्हेत. त्याचा खरा उपयोग दोन शब्द शेजारी ठेवून बघायला आणि हंगाम ओळखायला. साताऱ्याचा माझा एक मित्र कासच्या वाटेवर पाहुण्यांना राहायला खोल्या देतो. पठारावर फुलं येतात ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि हा गडी फुलांचं पान लिहायला बसायचा सप्टेंबरात. लोकांचे बेत आधीच ठरलेले असायचे, आणि गुगलला नवीन पान सापडून ते वर यायलाही वेळ लागतो. आता तो मे महिन्यातच लिहून ठेवतो. दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्याचं तेच. ते पान श्रावणात तयार पाहिजे.

कुठला धरायचा, कुठला सोडायचा

वही भरली की खरं काम सुरू होतं, ते गाळायचं. इथं मी पुन्हा पहिलं पान उघडतो आणि डोळ्यांनी बघतो. वरच्या दहांत सगळे ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखे दिग्गज असतील, तर तिथं एक वर्षाच्या वेबसाइटनं डोकं आपटू नये. पण त्या दहांत एखादा पाच वर्षांपूर्वीचा अर्धवट लेख, एखादं प्रश्नाला सोडूनच बोलणारं पान, किंवा हिंदीतून कसंबसं भाषांतर केलेला मजकूर दिसला, तर समजायचं की जागा रिकामी आहे. मराठीत अशा रिकाम्या जागा अजून भरपूर आहेत. विकतची साधनं शब्दाची 'डिफिकल्टी' आकड्यात सांगतात, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा. एकाच शब्दाला एकाकडं वीस, दुसऱ्याकडं पन्नास. पहिल्या वर्षी त्यांवर पैसे घालू नयेत असं माझं मत. तेवढ्यात चांगला फोटोग्राफर बोलवा.

लांब शेपटाचे शब्द, म्हणजे चार-पाच शब्दांचे शोध, यांना शोधणारे कमी, पण विचार पक्का. 'किशमिश' या एका शब्दावर वर येणं आमच्या हातचं नाही. 'सांगली बेदाणा घरपोच पुणे' यावर आहे. एक गंमत यात लक्षात आली. सांगलीतला माणूस सांगली लिहीतच नाही, तो 'जवळ' लिहितो किंवा सरळ नकाशा उघडतो. गावाचं नाव लिहितो तो बाहेरचा, आणि त्याच्या दृष्टीनं ते नाव म्हणजे पत्ता नसतो, मालाची खूण असते. 'सांगलीची हळद' म्हणजे चांगली हळद. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण लोकांच्या तोंडी तिचं नाव त्याआधीपासून होतं. म्हणून घरपोच विक्रीच्या पानावर 'सांगली' ठळक हवं. आणि जवळच्या गिऱ्हाइकासाठी गुगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल नीट भरायचं. नकाशातल्या निकालांत गुगल तीन गोष्टी बघतं, शोधाशी मेळ, अंतर आणि दुकानाचा लौकिक. अंतर तुमच्या हातात नाही, पण वेळ, फोटो, दुकानाचा प्रकार आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांना दिलेली उत्तरं आहेत की.

असेही काही शब्द आहेत ज्यांच्या मागं लागून आता फायदा नाही. 'बेदाण्याला इंग्रजीत काय म्हणतात' याचं उत्तर गुगल वरच देऊन टाकतं, कुणी खाली सरकतच नाही. एआयनं तयार केलेली उत्तरं वर यायला लागल्यापासून एका ओळीत संपणाऱ्या प्रश्नांची ही गत वाढलीय. याउलट ज्या प्रश्नात हाताचा अनुभव लागतो, फोटो लागतो, किंमत आणि भरवसा लागतो, तिथं माणूस पान उघडतो.

मध्यंतरी वहिनींना एका कंपनीचा फोन आला होता. महिन्याला अमुक पैसे द्या, पन्नास कीवर्डवर पहिल्या नंबरला आणतो. त्यांनी पाठवलेल्या नमुन्याच्या अहवालात दुसऱ्या कुठल्या दुकानाचे हिरवे बाण होते, सगळे 'क्रमांक १'. निरखून बघितलं तर निम्मे कीवर्ड त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाचे, उलटसुलट करून लिहिलेले. आपल्याच नावावर आपण पहिले येणारच की! पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलनं लिहून ठेवलंय. हमी देणारा भेटला की चहा पाजून वाटेला लावायचा.

शब्द मिळाले, आता ठेवायचे कुठं

निवडलेल्या शब्दांचे ढीग करायचे, एका ढिगाला एक पान. किशमिश, बेदाणा, हिरवा बेदाणा, लाडवातला बेदाणा हे सगळे एकाच हेतूचे, म्हणून एकाच पानावर. प्रत्येकाचं वेगळं पान केलंत तर तुमचीच पानं एकमेकांच्या पायांत येतात आणि कुठलं वर घ्यावं हे गुगलला समजत नाही. भेसळीचा प्रश्न मात्र वेगळ्या हेतूचा, त्याला वेगळं पान. तिथं आम्ही साधी घरगुती चाचणी लिहिली. पेल्यात पाणी घ्या, चमचाभर हळद टाका, हलवू नका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. वहिनींच्या ओट्यावर दोन पेले ठेवून फोटो काढले. पानाच्या तळाशी आपल्या हळदीचा दुवा, एकच.

शब्द ठेवायच्या जागा साध्या आहेत. पानाचं शीर्षक, वरचा ठळक मथळा, पहिला परिच्छेद, फोटोचं वर्णन. मग बोलतो तसं लिहीत जायचं, शब्द आपोआप येतात. 'सांगली हळद सांगली हळद पावडर सांगली हळद भाव' असा मसाला कोंबलेला मजकूर वाचवत नाही, आणि गुगल त्याला स्पॅम धरतं. काही जण अजून पानाच्या कोडमध्ये 'मेटा कीवर्ड' नावाच्या जागी शंभर शब्द भरून ठेवतात. क्रमवारी लावताना त्याकडं आपण बघत नाही, असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय.

दोन-तीन महिन्यांनी गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन उघडायचं. हेही फुकट. तुमचं पान कुठल्या शोधांत दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या जागी होतं, हे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं तिथं मिळतं. मी आधी अकराव्या ते विसाव्या जागेवरचे शब्द बघतो. ते उंबऱ्यापर्यंत आलेले असतात, पानावर दोन चांगले परिच्छेद किंवा एखादा फोटो वाढवला तर आत येऊ शकतात. आणि कधीकधी तिथं असा शब्द सापडतो जो आपण लिहिलेलाच नसतो. तो सरळ वहीत उतरवायचा.

ती शंभर पानी वही आता वहिनींच्या गल्ल्यावरच असते, वजनकाट्याला टेकवून ठेवलेली. फोन आला की पहिलं वाक्य त्यात जातं, मग बाकीचं बोलणं. परवा मी पुडा आणायला गेलो तेव्हा उघडून बघितली. शेवटची नोंद पनवेलच्या एका मुलीची होती, लग्न होऊन दोनच महिने झालेली. 'ताई, शिऱ्यात सासूबाई ते पिवळं बारीक टाकतात ना, फुगतं बघा तुपात, त्याला काय म्हणतात? मी गुगलवर तसंच लिहिलं तर तुमचा नंबर आला.'